अभय कोणाला? : अभयारण्याच्या आराखड्याचे एक वाचन

'अभयारण्य' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या पोटातला समास सोडवून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. पदव्युत्तर वर्गात मारुती चितमपल्ली यांचे लेखन शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने तो सोडवून दाखवला आणि विचारले, "यातलं अभय कोणाला, सर? आणि ते देणारा कोण?" तिचे आजोळ सोलापूर जिल्ह्यातले. आजोबांची जमीन माळढोक अभयारण्याच्या हद्दीत गेली होती आणि ती विकता येत नव्हती, एवढेच तिला घरातल्या बोलण्यावरून ठाऊक होते. त्या दिवशी वर्गावर असलेल्या आमच्यापैकी एकाने कौटिल्याचे नाव घेऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र वर्गाबाहेर आमच्या मागे आला आणि पुढचे कित्येक महिने आम्ही दोघे, साहित्याचे अध्यापक, साहित्य म्हणून कोणी हाती घेत नाही असा एक लेखनप्रकार वाचीत बसलो. तो प्रकार म्हणजे अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा. त्या वाचनातून जे उमगले ते येथे मांडीत आहोत. आम्ही वन्यजीवशास्त्राचे जाणकार नव्हेत. आमचा अधिकार चालतो तो वाक्यापुरता.

वेळ मारून नेण्यासाठी घेतलेले कौटिल्याचे नाव अगदीच गैरलागू नव्हते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात 'अभयवन' येते. गंमत अशी की ते येते सूनाध्यक्षाच्या, म्हणजे कत्तलखान्यावरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात. अभयवनातील मृग, पशू, पक्षी, मासे यांना बांधणाऱ्यास, मारणाऱ्यास वा इजा करणाऱ्यास उत्तम दंड सांगितला आहे. परंतु लगेच पुढे एक तरतूद येते : घरसंसारी माणूस, 'कुटुंबी', अभयवनाच्या बाबतीत अपराधी ठरला तर त्याला मध्यम दंड. शिक्षा माफ नाही, पण अपराधी कोण हे पाहिल्याखेरीज ती ठरवायचीही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या करड्या राज्यकर्त्यालाही हे ठाऊक होते की वनाच्या कडेला माणसे राहतात आणि त्यांचे वनात जाणे व शिकाऱ्याचे जाणे ही एकच क्रिया नव्हे. हा 'कुटुंबी' पुढच्या आराखड्यांत कोठे गेला, असे विचारले तर या विषयाचा बराचसा इतिहास हाती येतो.

आराखडा या लेखनप्रकाराची घडण आधी सांगितली पाहिजे. आपल्याकडचा आराखडा साधारणपणे दहा वर्षांचा असतो आणि त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात सद्यःस्थिती : सीमा, भूगोल, पाणी, वनस्पती, प्राणी, भोवतालची गावे, आजवरचे व्यवस्थापन. दुसऱ्या भागात प्रस्तावित व्यवस्थापन : उद्दिष्टे, त्यांच्या आड येणाऱ्या अडचणी, विभागणी, वर्षवार कामे, खर्च. म्हणजे पहिला भाग वर्तमान आणि भूतकाळात, दुसरा सगळा भविष्यकाळात. आणि हा भविष्यकाळ बहुधा कर्ता लोपलेल्या कर्मणी प्रयोगात असतो. चराई नियंत्रित करण्यात येईल, कुरणे विकसित करण्यात येतील, ग्रामस्थांचे सहकार्य घेण्यात येईल. कोण करील, हे वाक्य सांगत नाही. शासकीय भाषेची ही सवय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे वाटत नाही. आम्हालाही वाटत नव्हते. भरतपूरची हकीकत वाचल्यावर वाटू लागले.

हा साचा आला कोठून? त्याचे मूळ इमारती लाकडात आहे. डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५६ पासून ब्रह्मदेशातील सागवानाच्या जंगलांत काम केले आणि १८६४ मध्ये तो हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. जंगलाचे कप्पे पाडावेत, झाडे मोजावीत, कोणत्या कप्प्यातील किती झाडे कोणत्या वर्षी तोडायची ते आधीच ठरवावे आणि जितके वाढते तितकेच तोडावे, या विचारातून खात्याची 'कार्य आयोजना' उभी राहिली. बेबंद तोडीच्या तुलनेत हा विचार निःसंशय शहाणपणाचा होता. सागाचे झाड जागचे हलत नाही, ऐंशी वर्षे एका जागी उभे राहते, म्हणून त्याच्याविषयी भविष्यकाळात ठामपणे लिहिता येते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प यांच्यानंतर वन्यजीवांसाठी आराखडे लिहायची वेळ आली तेव्हा हाताशी हाच साचा होता. मेळघाट पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांतला एक. तेथे काम केलेले आणि पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे संचालक झालेले वि. बा. सावरकर यांनी आराखडे कसे लिहावेत यावर मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला, तो २००५ मध्ये. संरक्षित क्षेत्राबरोबर त्याभोवतीच्या मुलखाचाही विचार करा, हा आग्रह त्या ग्रंथाच्या शीर्षकातच आहे. म्हणजे साचा बदलत गेला नाही असे नव्हे. तो बदलेपर्यंत बरेच काही घडून गेले, एवढेच.

आता भरतपूर. राजस्थानातील केवलादेव घना हे जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरचे पाणथळ रान. त्याच्या मध्ये केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, देऊळ. 'घना' म्हणजे दाट. या रानाला 'निसर्ग' म्हणताना जरा अडखळायला होते, कारण ते माणसाने केलेले आहे. मुळात सखल भाग. अठराव्या शतकात भरतपूरच्या जाट राजांनी अजान बांध घातला आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांचे पावसाळी पाणी तेथे अडवले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांच्या बदकशिकारीसाठी छोटे बंधारे आणि दरवाजे बांधून त्याचे पाण्याच्या अनेक विभागांत रूपांतर झाले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनसाठी तेथे शिकारीचा बेत झाला. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या शिकारीची तारीख, पाहुणा, बंदुका आणि मेलेले पक्षी यांचा हिशेब दगडावर कोरून ठेवलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसाचे. हा शिलालेख आजही उद्यानात उभा आहे. भरतपूरसंबंधी लिहिलेल्या सगळ्या दस्तऐवजांत कर्त्याचे नाव इतक्या स्वच्छपणे सांगणारा दुसरा दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही.

स्वातंत्र्यानंतर आसपासच्या शेतकऱ्यांना ही जमीन व हे पाणी शेतीसाठी हवे होते, आणि ही मागणी अन्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही. सालिम अलींच्या प्रयत्नांमुळे रान वाचले. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला. त्या वर्षांत राजाच्या बंदुकीला अभयारण्यात जागा होती आणि गावाच्या म्हशीलाही होती. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी तळ्यात उतरत, गवत खात, चिखल तुडवीत, आणि त्यांच्या पाठीवर बगळे बसत. १९८१ मध्ये हे रान रामसर पाणथळींच्या यादीत गेले, त्याच सुमारास त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९८५ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झाले. मान वाढत गेला तसे दार मिटत गेले. रानाभोवती दगडी भिंत बांधली गेली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये चराई पूर्ण बंद झाली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण दिले गेले नव्हते. ते म्हशी घेऊन भिंतीशी आले, चकमक झाली, पोलिसांनी गोळी चालवली आणि माणसे मेली. किती, याबद्दल निरनिराळ्या लेखनांत निरनिराळे आकडे आहेत. पक्ष्यांचा आकडा एककापर्यंत कोरलेला आणि माणसांचा आकडा लेखकागणिक बदलणारा, ही गोष्ट आम्ही नुसती नोंदवून पुढे जातो.

बंदीमागे द्वेष नव्हता. शास्त्र होते, किंवा त्या काळी शास्त्र मानले जात होते ते होते. गुरे गवत खातात, गवत कमी झाले की पक्ष्यांचा निवारा जातो, पायदळी घरटी मोडतात, तेव्हा गुरे गेली की पक्षी वाढतील. हा तर्क सरळ होता. सालिम अलींसारख्या पक्षितज्ज्ञांचे मतही चराईच्या विरोधात होते. त्याच वेळी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून तेथे दीर्घ अभ्यास हाती घेतला होता. डॉ. वि. स. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो दहा वर्षे चालला. त्यासाठी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचे अर्थसाहाय्य होते. या खात्याचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. अभ्यासाच्या पहिल्या वर्षांत रानात म्हशी होत्या, नंतरच्या वर्षांत नव्हत्या. म्हणजे ध्यानीमनी नसताना एक भलामोठा प्रयोग आपोआप मांडला गेला होता.

निष्कर्ष १९९१ च्या अहवालात आले. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचे पाणगवत बेसुमार माजले. ते पाण्यावर जाजमासारखे पसरते. उघडे पाणी आकसले. बुडी मारणाऱ्या बदकांना पाणी हवे आणि उथळ पाण्यात कंद उकरणाऱ्या क्रौंचांना मोकळी जागा, तर दोन्हीही गवताखाली गेली. ज्यांना पक्ष्यांचे शत्रू समजून भिंतीबाहेर काढले होते त्या म्हशी फुकटात तळ्याची साफसफाई करीत होत्या. मर्यादित प्रमाणात त्यांना आत येऊ द्यावे, असे अभ्यासकांनी सुचवले. ज्या संस्थेच्या थोर अध्वर्यूचा बंदीला पाठिंबा होता, त्याच संस्थेने दहा वर्षे मोजदाद करून ते मत चुकले असे लिहून दिले, याचे मोल आम्हाला फार वाटते. आपल्या विद्यापीठीय संशोधनात गुरूचे मत खोडणारा प्रबंध त्याच विभागातून किती वेळा बाहेर पडतो, हे वाचक जाणतातच.

पण म्हशी परत गेल्या नाहीत. आणि येथे आमच्या अधिकारातली गोष्ट सुरू होते, म्हणजे शब्दांची. १९७२ च्या कायद्यात 'अभयारण्य' आणि 'राष्ट्रीय उद्यान' हे दोन निराळे शब्द आहेत. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक चराईचे नियमन करू शकतो, तिच्यावर नियंत्रण ठेवू शकतो किंवा ती बंद करू शकतो. तीन क्रियापदे आहेत आणि निवड त्याच्या हाती आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या कलमात एकच क्रियापद आहे आणि ते नकारार्थी आहे : पाळीव गुरांना चराई नाही, प्रवेशही नाही. भरतपूर अभयारण्यच राहिले असते तर १९९१ चा निष्कर्ष पुढल्या आराखड्यात एका परिच्छेदाने अमलात आणता आला असता. वरच्या दर्जाचे नाव मिळाल्यामुळे चूक दुरुस्त करण्याची वाट कायद्यानेच बंद झाली होती. संरक्षण जितके कडक तितके चांगले, हे गृहीत त्या दोन शब्दांच्या श्रेणीत दडलेले आहे. मग काय झाले, तर गवत हातांनी कापून न्यायची परवानगी गावकऱ्यांना मिळाली. म्हशीने आत जायचे नाही, म्हशीच्या मालकिणीने आत जाऊन म्हशीचे काम करायचे आणि भारा डोक्यावरून बाहेर आणायचा.

सायबेरियन क्रौंचाची कथा पुष्कळदा याला जोडून सांगितली जाते. साठीच्या दशकात भरतपुरात दीडदोनशे क्रौंच उतरत, मग आकडा घसरत गेला, नव्वदीत दोन हिवाळे एकही आला नाही, नंतर थोडे आले, आणि २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. तेव्हापासून भारतात तो पक्षी नाही. हे सारे म्हशींच्या बंदीने झाले असे म्हणणे नाट्यमय आहे, पण खरे नाही. सायबेरियातून अफगाणिस्तानावरून येणाऱ्या या पक्ष्याची वाटेत शिकार होत असे, आणि त्या मुलखात त्या काळी काय चालले होते ते सर्वश्रुत आहे. एकोणतीस चौरस किलोमीटरचा आराखडा हजारो किलोमीटरच्या वाटेचे काय करणार? पाण्याचेही तसेच झाले. रानाला वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. ते येई गंभीर नदीतून. करौली जिल्ह्यात त्या नदीवर पांचना धरण झाले आणि २००३-०४ च्या सुमारास पाणी येणे बंद झाले, कारण वरच्या शेतकऱ्यांनी ते खाली सोडायला विरोध केला. तळी भेगाळली. विलायती बाभूळ पसरली. आराखड्यात पाण्याचे नियोजन तळ्यातळ्यानुसार दिलेले होते. फक्त पाणी कोणाच्या हातात आहे, हे आराखड्याच्या हद्दीबाहेर होते. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नळयोजनेतून सोय केली गेली. विलायती बाभूळ काढण्याचे काम आसपासच्या गावांतील कुटुंबांना वाटून दिले, लाकूड त्यांनीच न्यायचे अशा बोलीवर, आणि ते काम झाले. 'कुटुंबी' असा पंचवीस वर्षांनी मागच्या दाराने पुन्हा आत आला.

भरतपुरात भिंत होती. सोलापुरात नेमके उलटे झाले, तेथे भिंत नव्हती आणि हद्द मात्र अफाट होती. १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत अभयारण्य घोषित केले. क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक. त्यात गावे, ज्वारीची शेते, रस्ते, बाजार, माणसे. प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातले माळरान त्यातला लहानसा भाग, आणि तेही तुकड्यातुकड्यांत. माळढोक विस्तीर्ण मुलखात भटकतो, म्हणून विस्तीर्ण हद्द, हा विचार पक्ष्याच्या बाजूने बरोबरच होता. परंतु कायद्याच्या विसाव्या कलमानुसार अधिसूचना निघाल्यावर त्या क्षेत्रातील जमिनीत वारसाहक्क सोडल्यास नवा हक्क निर्माण होत नाही. आमच्या विद्यार्थिनीच्या आजोबांची अडचण ही. नकाशावर रेघ ओढली गेली तेव्हा तिच्या आत कोण आहेत हे पाहून त्यांचे हक्क ठरवायचे काम मागे राहिले. माळढोक आजवर शेताच्या कडेला अंडे घालणारा एक बुजरा पाहुणा होता, तो अडवणूक करणारा सरकारी पक्षी झाला. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हद्द आवळून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आली. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता.

हद्दीइतकाच घात एका शब्दाने केला, असे आमचे मत आहे. तो शब्द 'पडीक'. महसुली दफ्तरात माळरानाची नोंद पडीक अशी होते. पडीक म्हणजे काही उपयोग नसलेली, सुधारायची राहिलेली जमीन. सुधारायची म्हणजे काय, तर झाडे लावायची. सत्तरीच्या दशकापासून अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नज परिसरात माळाचे तुकडे राखले गेले, त्यांत गवत वाढले आणि माळढोक तेथे विणीला येऊ लागला, हे त्या योजनेचे खरे यश. पण राखलेल्या जागी आणि भोवताली गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडेही लागली. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी, जमिनीवर एकच अंडे घालतो, दूरवर नजर पोचली तरच निर्धास्त असतो. त्याच्या लेखी झाड म्हणजे आडोसा नव्हे, कोल्ह्याला वा कुत्र्याला लपायची जागा. ज्या मराठी वाचकाने व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचली आहे त्याला माळ रिकामा नसतो हे सांगावे लागत नाही. तेथे मेंढरे असतात, धनगर असतो, लांडगा असतो. आणि ठराविक चराईने गवत आखूड राहिलेला माळही माळढोकाला लागतो, उंच गवताचाही लागतो, भुईमुगाचे शेतही लागते. अशा मुलखाला आपल्या दफ्तरात एकच शब्द असावा आणि तो 'पडीक' असावा! सुदैवाने चितमपल्लींसारखा माणूस मूळचा याच सोलापूरचा. वनखात्यात आयुष्य घालवून रानातले शब्द त्यांनी वेचून ठेवले आणि २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचे शब्द आपण अभ्यासक्रमात नेमले, दफ्तरात मात्र ते पोचले नाहीत.

आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही वर्तमानपत्राची बातमी ठरते. देशात उरलेले दीडशेच्या आतबाहेरचे पक्षी बहुतांशी जैसलमेरच्या बाजूला आहेत आणि तेथे विजेच्या तारा हा त्यांचा काळ झाला आहे. तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला, तो मार्च २०२४ मध्ये बदलून समिती नेमली गेली, कारण त्या तारा सौरऊर्जेच्या आणि सौरऊर्जाही पृथ्वीच्याच भल्यासाठी. येथे खलनायक शोधणाऱ्याची पंचाईत होते.

अमेरिकेच्या खात्याचा पुन्हा उल्लेख करू असे म्हटले होते. तेथे १९०३ मध्ये फ्लोरिडातील पेलिकन आयलंड या लहानशा बेटापासून राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांची परंपरा सुरू झाली. पाऊणशतकाहून अधिक काळ तेथेही आराखडे जसे जमतील तसे होत. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक आश्रयस्थानाला पंधरा वर्षांचा सर्वंकष आराखडा करणे बंधनकारक केले. मसुदा लोकांपुढे ठेवायचा, हरकती घ्यायच्या, ठराविक मुदतीने तो पुन्हा तपासायचा. त्या देशाच्या सर्व गोष्टी अनुकरणीय आहेत असे आम्ही मुळीच मानत नाही, आणि त्या आश्रयस्थानांच्या जमिनी मूळच्या कोणाच्या, हा प्रश्न तेथेही आहेच. पण मसुदा आणि हरकत हे दोन शब्द कायद्यात असणे ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे अभयारण्याचा आराखडा कायद्याच्या कलमात आला तो २०२२ च्या दुरुस्तीने. अनुसूचित क्षेत्रात किंवा जेथे वनहक्क कायदा लागू आहे तेथे तो ग्रामसभेशी सल्लामसलत करून करावयाचा, असे आता तेहतिसाव्या कलमात आहे. संमती नव्हे, सल्लामसलत. तरीही पन्नास वर्षांनी ग्रामसभा हा शब्द त्या कलमात आला. आता आराखडे बहुधा इंग्रजीत लिहिले जातात, तेव्हा ग्रामसभेत ते कोणत्या भाषेत वाचले जाणार, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी विचारला तर तो आगाऊपणा मानू नये.

वर्गात आम्ही शेवटी एक स्वाध्याय दिला. फळ्यावर आराखड्याच्या धाटणीचे एक वाक्य लिहिले : 'परिसरातील चराई टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येईल.' सूचना एवढीच की वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा. व्याकरणाचा सोपा प्रश्न समजून मुलांनी वह्या उघडल्या. बावीस उत्तरे आली. बहुतेकांनी कर्ता 'शासन' घातला, काहींनी 'वनरक्षक', दोघांनी 'गावकरी'. त्या विद्यार्थिनीने कर्त्याची जागा मोकळी सोडली होती आणि समासात लिहिले होते की टप्पे किती व कोणते हे कळल्याशिवाय क्रियापदाचा काळ ठरवता येत नाही. तिला गुण किती द्यावेत यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.